चौदावा खेळ

द्रुतगती मार्गाने मुंबईला जाणाऱ्यांना औंढे हे नाव फार तर एका पुलापुरतं ठाऊक असतं. लोणावळा आलं, आता घाट, असं म्हणेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. आमच्या घरात मात्र औंढे म्हणजे आत्याचं गाव. एका अंगाला लोहगड-विसापूर, खाली भाताची खाचरं आणि पावसाळ्याचे चार महिने नुसतं पाणी. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात घरातली आणि सुटीत येऊन पडलेली अशी मिळून सात-आठ पोरं एका खोलीत कशी थोपवून धरायची, हा आत्याचा वर्षानुवर्षांचा प्रश्न होता. १९९५ च्या दिवाळीत आतोबांनी तो आपल्यापरीने सोडवला. ते रेल्वेत होते. मुंबईला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. सोबत एक पिवळी कॅसेट आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं : ‘९९९९ इन १’.

त्या काळी ज्यांच्या घरात हे यंत्र आलं होतं त्यांना पुढचं सांगायला नको. निंटेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचं यंत्र काढलं. त्याच्या नकला तैवान-चीनकडून जगभर पसरल्या आणि नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत शिरल्या त्या बहुतांशी या नकलाच. कॅसेटमध्ये फुंकर मारायची, ती खटकन बसवायची, टीव्हीचं चॅनेल जुळवायचं आणि मुंग्या जाऊन चित्र आलं की सगळ्यांनी एकदम ओरडायचं. नऊ हजार नऊशे नव्याण्णव हे अर्थात धादांत खोटं होतं. खरे खेळ थोडेच. तेच पुन्हापुन्हा, कधी नाव बदलून, कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. पण यादी मात्र खरोखर लांबलचक होती आणि ती सगळी इंग्रजीत.

आमच्यातल्या निम्म्या पोरांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मराठी शाळेत तेव्हा पाचवीत इंग्रजी सुरू व्हायचं. त्यामुळे औंढ्याच्या त्या खोलीत खेळांना नावंच नव्हती, नंबर होते. ‘तिसरा लाव’ म्हणजे मारिओ. ‘नववा’ म्हणजे सर्कशीतला सिंहावर बसलेला विदूषक. आणि ‘चौदावा’ म्हणजे रणगाडे. यंत्र चालू केलं की बाण पहिल्या ओळीवर असायचा. तिथून तेरा वेळा खाली दाबायचं की चौदावा. मधे कोणी बोललं आणि मोजणी चुकली तर भांडण.

चौदाव्यात सर्वांत तरबेज कोण होतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ती होती आत्या. आम्ही झोपल्यावर, ओटा आवरून झाल्यावर ती टीव्हीचा आवाज बंद करून रणगाडे खेळायची. पडद्याच्या तळाशी विटांच्या आडोशाला एक गरुडाचं चिन्ह असतं, ते राखायचं. शत्रूचे रणगाडे वरून उतरतात. आत्या त्या गरुडाला ‘कोंबडी’ म्हणते. चौथी पास बाई. तिने कोंबडीभोवतीच्या विटा कशा राखायच्या याची जी युक्ती काढली होती, ती आम्ही पुढे वर्षभर तिच्याकडून शिकत होतो.

आता आत्या चौऱ्याहत्तरची आहे. आतोबा गेले. मुलं पिंपरीला आणि ठाण्याला. यंत्र अजून चालतं, जुना फुगीर काचेचा टीव्हीही चालतो, हे एक नवलच. चालत नाही तो आत्याचा अंगठा. चार वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं. डाव्या हाताला जास्त आहे. औषधाचा अंमल असतो तोवर बरं, उतरला की बोट बटणावर टेकतं ते एकदा न टेकता दोनदा-तीनदा टेकतं.

गंमत अशी की खेळात याने फारसं बिघडत नाही. रणगाडा एक पाऊल जास्त सरकला तर सरकला. गोळीचं बटण दोनदा दाबलं गेलं तरी सुरुवातीच्या रणगाड्याची एक गोळी हवेत असेतोवर दुसरी सुटतच नाही. ज्याने कोणी १९८५ साली हा खेळ रचला त्याच्या मनात कंपवात नसणार, पण खेळ क्षमाशील निघाला. यादी क्षमाशील नाही. तिथे एकाची दोन दाब झाली की आत्या चौदाव्याऐवजी सतराव्यावर. वर जायला जावं तर बाराव्यावर. खेळता येतं, पण खेळापर्यंत पोचता येत नाही. त्यातून पावसात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या मुलाला हाक मारायची, तो येऊन लावून द्यायचा आणि मग स्वतःच अर्धा तास खेळत बसायचा. आत्या एकदा म्हणाली, “अरे, खेळायला कुणाची परवानगी लागत नव्हती म्हणून तर मी रात्रीची खेळायचे.”

हे वाक्य माझ्या धाकट्या लेकीने ऐकलं. ती पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या पिढीप्रमाणे तिने लगेच जाहीर केलं की आत्याआजीसाठी यादी आपोआप चालवणारं यंत्र करू, आणि ते एआयकडून करून घेऊ.

मला या ‘एआय’ प्रकरणाबद्दल एक जुन्या माणसाची अढी आहे, हे आधीच कबूल करतो. पण पुढचे चार रविवार मी तिच्या शेजारी बसून जे पाहिलं, त्यात माझी अढी काही ठिकाणी सैल झाली आणि काही ठिकाणी आणखी घट्ट.

पहिला भाग सोपा निघाला. या जुन्या खेळयंत्राचा हातातल्या रिमोटशी, म्हणजे जॉयस्टिकशी चालणारा संवाद शाळेतल्या हजेरीसारखा असतो. यंत्र प्रत्येक चित्रागणिक एकदा ‘हजेरी’ म्हणून इशारा देतं आणि मग एकाच तारेवरून आठ बटणांची उत्तरं ठरलेल्या क्रमाने घेतं : दोन खेळायची बटणं, मग सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. दाबलेलं असेल तर शून्य, नसेल तर एक. त्याला समोर माणसाचा अंगठा आहे की आणखी काही, हे कळायचा मार्गच नाही. तेव्हा जॉयस्टिकच्या जागी काही शे रुपयांना मिळणारी आर्डुइनोची पट्टी बसवली आणि तिने तेरा वेळा ‘खाली’ची हजेरी लावून मग ‘स्टार्ट’ म्हटलं, की काम झालं. हा प्रोग्रॅम एआयने दोन मिनिटांत लिहून दिला. मी थक्क झालो, नाकारत नाही. एरवी त्यासाठी लेकीची रात्र गेली असती.

पट्टी जोडली. बटण दाबलं. बाण भराभर खाली गेला आणि बाराव्यावर थांबला. पुन्हा केलं. अकरावा. पुन्हा. बारावा. एकदा मात्र बरोबर चौदावा, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून बसलो, तर पुढच्या खेपेला पुन्हा बारावा. आत्या पाटावर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, “याचाही हात कापतो की काय?”

याचं कारण शोधायला आम्हाला एक अख्खा रविवार लागला, आणि ते कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. एआयने गृहीत धरलं होतं की यंत्र सेकंदाला ६० चित्रं दाखवतं. जपानात आणि अमेरिकेत तसंच आहे. या यंत्रांविषयी जगात जे काही लिहिलं गेलं आहे त्यातलं बहुतेक तिथलंच, आणि एआय शिकलं तेही त्यातूनच. पण आपल्याकडची टीव्हीची पद्धत ५० चित्रांची, आणि आपल्या बाजारात आलेलं हे यंत्रही ५० च्याच हिशेबाने चालणारं. साठाच्या हिशेबाने एका चित्राचा काळ होतो साधारण १७ मिलिसेकंद, आपल्या हिशेबाने २०. प्रोग्रॅम बटण १७ मिलिसेकंद दाबून सोडून देत होता आणि औंढ्याचं यंत्र हजेरी घेत होतं दर वीस मिलिसेकंदांनी. म्हणजे साधारण सहातली एक दाब दोन हजेऱ्यांच्या मधे पडून वाया जाणार. तेरात दोन. चौदाव्याऐवजी बारावा! दाब ५० मिलिसेकंदांची केली आणि दोष गेला. इतका हुशार सेवक, पण तो औंढ्याला कधी आलेला नव्हता, एवढीच त्याची चूक.

दुसऱ्या भागात माझी अढी घट्ट झाली. लेकीचं म्हणणं असं की ही नुसती मोजणी आंधळी आहे. कोणी कॅसेट बदलली, कोणी मधेच बटण दाबलं, तर यंत्राला कळणार नाही. त्याने पडदा ‘पाहिला’ पाहिजे. मुद्दा बरोबर होता. मग खेळयंत्रातून टीव्हीला जाणारं चित्र एका स्वस्त डब्बीतून लॅपटॉपलाही दिलं आणि एआयला विचारलं, बाण कुठल्या ओळीवर आहे? तो चित्र पाहून सांगायचा. पण प्रत्येक वेळी चित्र कुठल्या तरी दूरदेशीच्या संगणकाकडे जाणार, तिथून उत्तर येणार, यात काही सेकंद जायचे. बाहेर पाऊस कोसळत असला की मोबाइलची रेंज जायची आणि मग उत्तरच नाही. त्याहून वाईट म्हणजे तो कधीकधी ठामपणे चुकायचा. त्या यादीत खेळांची नावं वाटेल तशी चुकीची लिहिलेली आहेत. हा आपला ती मनातल्या मनात सुधारून, जगात असलेल्या पण आमच्या कॅसेटमध्ये नसलेल्या खेळाचं नाव सांगायचा. कसलाही किंतु न ठेवता. मोजणी करताना चुकलेलं पोर निदान चाचरतं तरी!

शेवटी उपाय सापडला तो जुन्याच यंत्राच्या गरिबीत. या फॅमिकॉम जातीच्या यंत्राची काम करायची स्मृती अवघी दोन किलोबाइट. पूर्ण चित्र साठवायची त्याची ऐपतच नाही. म्हणून ते पडदा फरशा बसवल्यासारखा मांडतं : आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरशा, आडव्या ३२, उभ्या ३०. एकूण ९६०. अक्षर म्हणजे एक फरशी, बाण म्हणजे एक फरशी, आणि ती चौकट सोडून इकडेतिकडे होत नाही. मग बाण कुठे आहे हे ओळखायला अक्कल कशाला हवी? डावीकडच्या रांगेतल्या फरश्या एकेक करून बाणाच्या फरशीशी ताडून पाहायच्या, जिथे जुळेल ती ओळ. हे काम साधा प्रोग्रॅम डोळ्यांचं पातं लवायच्या आत करतो, इंटरनेटशिवाय करतो आणि चुकला तर ‘जुळत नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतो. तो प्रोग्रॅमही लेकीने एआयकडूनच लिहून घेतला, हे सांगायला हवं. आता माझं मत असं झालं आहे : अवजार घडवायला एआय उत्तम, पण दर वेळी त्यालाच अवजार म्हणून राबवायची गरज नाही. सुताराला बोलावून पाट करून घ्यावा. जेवताना रोज पाटाच्या जागी सुताराला बसवू नये.

जगात या जुन्या खेळांवर यंत्राची बुद्धी पारखून पाहायचा छंद फार आहे. २०१५ साली डीपमाइंड या कंपनीच्या संशोधकांनी ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकात आपला प्रयोग छापला. त्यांचा प्रोग्रॅम अटारीच्या १९७७ सालच्या यंत्राचे ४९ खेळ नुसता पडदा पाहून शिकला आणि त्यातले कितीतरी माणसाच्या तोडीने खेळला. त्या यशाचं कौतुक सगळीकडे झालं. पण त्यातली एक बारीक गोष्ट मला आत्याच्या घरी बसून वाचताना जाणवली. खेळ सुरू करून देण्याचं काम त्या प्रयोगात यंत्राकडे नव्हतंच, ते माणसांनी आधी लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे तिथे ताट वाढून देणारी माणसं आणि खेळणारं यंत्र. आमच्या औंढ्याला उलटी पंगत : वाढणारं यंत्र आणि खेळणारी आत्या. मला आमची पंगत जास्त शहाणपणाची वाटते.

२०१३ साली टॉम मर्फी या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने नेमक्या आमच्याच जातीच्या यंत्राचे खेळ खेळणारा प्रोग्रॅम केला होता. मारिओ त्याला बऱ्यापैकी जमला. पण ठोकळे रचण्याच्या टेट्रिसमध्ये, आता हरणार असं दिसताच त्या प्रोग्रॅमने स्टार्टचं बटण दाबून खेळ थांबवून ठेवला. कायमचा. थांबलेल्या खेळात हरता येत नाही! आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “शहाणाच आहे.” आणि थोड्या वेळाने, “पण मग त्याला खेळायला मिळालं कुठे?”

२०२५ मध्ये अँथ्रॉपिक आणि गुगल या कंपन्यांचे एआय पोकेमॉनचे जुने खेळ खेळताना लोकांनी थेट पाहिले. गुगलच्या एआयने त्यातला एक पुरा केला. तिथेही पडद्यावर काय चाललंय हे कळायला त्यांना खेळाच्या स्मृतीतली माहिती बाहेरून पुरवावी लागत होती. एरवी निबंध लिहिणारं एआय एका गुहेत भरकटत बसलेलं पाहायला माणसं तासन् तास थांबत होती, यात मला माणसांचीच गंमत वाटते.

असो. मुद्दा खेळाचा नाही, यादीचा आहे. ‘मेन्यू’ हा शब्द आपण हॉटेलात शिकलो. तिथे तो देणारा माणूस समोर उभा असतो, आणि वाचता नाही आलं तर ‘काय चांगलं आहे?’ असं विचारता येतं. गेल्या तीस वर्षांत आपल्या आयुष्यातला तो उभा माणूस हळूहळू गेला आणि नुसती यादी उरली. पैसे काढायच्या यंत्रात यादी, फोनवर ‘अमुकसाठी एक दाबा’ची यादी, टीव्ही लावायचा तर सेटटॉप बॉक्सची यादी, गॅस नोंदवायचा तर यादी. आणि या सगळ्या याद्या ज्यांनी केल्या त्यांचे अंगठे स्थिर आहेत, डोळे तरुण आहेत आणि इंग्रजी पक्कं आहे. कापऱ्या हाताचा माणूस त्यांनी कधी विचारात घेतला नाही. तो जेव्हा यादीशी अडतो तेव्हा आपण म्हणतो, आजीला जमत नाही. जमत नसतं ते यादीला. चार चांगल्या शाळांत गेलेल्या लोकांनी दोनदा दाबलं गेलेलं एक बटण एकदाच मोजायचं, एवढी साधी सोय केली असती, तर किती घरांतल्या किती हाका वाचल्या असत्या!

या साध्या सोयीची गोष्ट मी मुद्दाम काढतो आहे, कारण ती आम्हालाही सुचली नव्हती.

चौथ्या रविवारी लेकीने डबा तयार करून आणला. वर एकच मोठं लाल बटण. दाबलं की यंत्र पडदा पाहून, मोजून, रणगाड्यांवर नेऊन सोडणार. आत्याने दाबलं. बाण टकटक करत चौदाव्यावर गेला, खेळ सुरू झाला. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती खेळली. पाच-सहा फेऱ्या निघाल्या. हात जरा जास्तच कापायला लागला तेव्हा लेक म्हणाली, “आत्याआजी, हवं तर नेमसुद्धा यंत्र धरून देईल, तू नुसतं चालव.” आत्याने वरही पाहिलं नाही. “कोंबडी माझी आहे,” एवढंच म्हणाली.

खेळ संपल्यावर तिने जॉयस्टिक खाली ठेवली आणि विचारलं, “आणि बाकीचे?”

“बाकीचे कुठले?”

“यादीतले. मला नेहमी चौदावाच कुठे हवा असतो? कधी नुसतं बघत बघत खाली जायचे मी. पुढे पुढे काय काय आहे ते.”

आम्ही दोघं गप्प. चार रविवार आम्ही यादी चुकवण्याचं यंत्र करत होतो, आणि तिला यादी चुकवायची नव्हतीच. आम्ही तिला विचारलंच नव्हतं, हे खरं. तिचं एक वाक्य ऐकलं आणि पुढचं आम्हीच ठरवून टाकलं.

लेकीने तिथेच लॅपटॉप उघडला. जॉयस्टिकची तार आता थेट खेळयंत्राला न जाता डब्यातून जाणार. यादी पडद्यावर असेतोवर डब्याने एक दाब घ्यायची आणि पुढचा अर्धा सेकंद त्याच बटणाची दुसरी दाब ऐकायचीच नाही. खेळ सुरू झाला की काही अडवायचं नाही, सगळं जसंच्या तसं जाऊ द्यायचं. यादी आहे की खेळ, हे फरश्यांवरून कळतच होतं. दहा-बारा ओळींचं काम. एआयला विचारायचीही गरज पडली नाही. लाल बटण तसंच ठेवलं, आळसाच्या दिवसासाठी.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. मधे एकदा वीज जाऊन आली आणि बाण पुन्हा पहिल्या ओळीवर आला. आत्याने डावा हात उजव्या हाताने जरा धरला आणि अंगठा टेकवला. अंगठा तीनदा हलला. बाण एकच ओळ उतरला. तिने पुन्हा टेकवला. एकच. मग ती मोठ्याने मोजायला लागली, आम्ही लहानपणी मोजायचो तशी. तेरा झाले, चौदावा आला, लेकीने स्टार्टकडे बोट दाखवलं. आत्या थांबली नाही. “पंधरा,” ती म्हणाली, “सोळा…”